मासळीच्या गोळ्या

मास्तरांच्या हातून आयुष्यात एकदाच शब्द चुकला, आणि तोसुद्धा व्याकरणाच्या दृष्टीने बरोबर होता.

त्यांच्या पत्नीने, म्हणजे इमारतीतल्या सगळ्यांच्या वहिनींनी, एका मोठ्या कचेरीचे उपाहारगृह वर्षानुवर्षे चालवले होते. कचेरी दुसरीकडे हलली, उपाहारगृह बंद पडले आणि वहिनींनी ठरवले की आता दुसऱ्याच्या चुलीपुढे उभे राहायचे नाही. तळमजल्यावर शिंप्याने सोडलेला गाळा रिकामा होता. तिथे गोठवलेल्या तयार पदार्थांचे दुकान काढायचे. गिऱ्हाइकाने पाकीट न्यायचे, तळायचे आणि खायचे. शिंपी जाताना भिंतीतला उंच आरसा तेवढा ठेवून गेला होता. तो वहिनींनी पुसून लख्ख केला आणि त्याच्यासमोर मोठा फ्रीजर मांडला, त्यामुळे एकाचे दोन दिसू लागले.

"तू दुकान बघ," मास्तर म्हणाले. "कागद मी बघतो."

राजेलोक राज्याची वाटणी करताना असाच आवाज लावत असावेत. वहिनींनी ही वाटणी मान्य केली, कारण कागदाच्या बाबतीत मास्तरांचा अधिकार कोणी नाकारत नसे. सारी नोकरी त्यांनी शाळेत व्याकरण शिकवण्यात घालवली होती. वाण्याच्या पुडीवरचे ऱ्हस्वदीर्घ दुरुस्त केल्याशिवाय त्यांना आतली साखर गोड लागत नसे. लग्नपत्रिका आली की ते आधी 'आशीर्वाद' हा शब्द कसा छापला आहे ते पाहत आणि मग लग्नाला जायचे की नाही ते ठरवत.

दुकानाच्या पाटीचेही त्यामुळेच अडले होते. रंगाऱ्याने वर 'तयार पदार्थ' आणि त्याखाली 'वहिनी' एवढे सुबक रंगवले आणि शिडीवरून विचारले, "पुढे?" पुढे 'मास्तर' यायचे हे ठरलेले होते. प्रश्न मधल्या शब्दाचा होता. 'वहिनी आणि मास्तर' की 'वहिनी व मास्तर'? 'आणि'मध्ये आपुलकी आहे, 'व'मध्ये भारदस्तपणा आहे, असे मास्तरांचे मत पडले. "विचार करून सांगतो," ते म्हणाले. रंगारी शिडी भिंतीला टेकवून गेला. पुन्हा आला तेव्हाही विचार चालूच होता.

परदेशी माल आणायची कल्पना वहिनींच्या धाकट्या भावाची. त्याचा एक मित्र परदेशात मासळीच्या कारखान्यात होता. "ताई, कोपऱ्यावर मिळतं तेच तू ठेवलंस तर लोक तुझ्याकडे कशाला येतील?" असे म्हणून त्याने एक पाकीट आणून दिले. आत कुटलेल्या माशाचे लहान, पांढरे, मऊ गोळे होते. वहिनींनी एक तळून खाल्ला आणि लगेच दुसरा उचलला. हजारो माणसांना जेवू घातलेल्या बाईची यापेक्षा मोठी शिफारस असू शकत नाही. माल मागवला गेला. वहिनींनी उपाहारगृहातल्या जुन्या मैत्रिणींना, जुन्या कचेरीतल्या कारकुनांना आणि अख्ख्या इमारतीला उद्घाटनाचे आमंत्रण दिले. "या," त्या म्हणाल्या, "असं काही खायला घालीन की जन्मात खाल्लं नसेल."

वहिनींनी दिलेला शब्द आजवर कधी मोडला नव्हता. पण आता घरात दोन शब्द झाले. एक वहिनींनी दिलेला आणि एक मास्तर लिहिणार होते तो.

माल बंदरातून सोडवायचे काम एका क्लिअरिंग एजंटाकडे होते. हा गृहस्थ शांत होता. त्याला 'होऊन जाईल' एवढे एकच वाक्य येत असे, आणि ते तो निरनिराळ्या चालींवर म्हणत असे. सीमाशुल्काच्या कचेरीत द्यायचा अर्ज घेऊन तो घरी आला आणि 'मालाचे वर्णन' या रकान्यावर बोट ठेवून म्हणाला, "इथं लिहा, 'तयार मासळी, गोठवलेली.' होऊन जाईल."

मास्तरांनी पेनाला टोपण घातले. "तयार? कशाला तयार? प्रवासाला की परीक्षेला?"

"दरांच्या पुस्तकात तसंच आहे, मास्तर."

"पुस्तकांचं मला सांगू नका. मी पाठ्यपुस्तकं पाहिलेली आहेत." मास्तर खुर्चीत सरसावून बसले. एजंटाच्या लक्षात आले नाही, पण तास सुरू झाला होता. "वस्तू आकारानं लहान झाली की स्त्रीलिंगी होते. सुरा मोठा, सुरी लहान. डबा मोठा, डबी लहान. तसा गोळा मोठा आणि गोळी लहान. ही वस्तू लिंबाहून लहान आहे. तेव्हा गोळी. अनेकवचन, गोळ्या."

"मी तर गोळेच म्हणते," वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

"बोलताना चालतं. लिहिताना नाही."

"मास्तर, पाण्यात राहून माशाशी वैर नको," एजंट म्हणाला. "पुस्तकातलं लिहा."

पण मास्तरांचे पेन उघडले होते. 'मासळीच्या गोळ्या, गोठवलेल्या.' त्यांनी पूर्णविराम दिला, कागद हातभर लांब धरला आणि त्याच्याकडे वर्गात पहिल्या आलेल्या मुलाकडे पाहावे तसे पाहिले. एजंटानेही पाहिले. "होऊन जाईल," तो म्हणाला. ही चाल नवी होती.

माल बंदरात उतरून शीतगृहात गेला आणि माशी शिंकली. सीमाशुल्क कचेरीचे पत्र आले: सदर गोळ्या कोणत्या आजारावरील आहेत, दिवसातून किती वेळा घ्यावयाच्या आहेत, आणि औषधे आयात करण्याचा परवाना कोठे आहे, याचा खुलासा करावा. खुलासा होईपर्यंत माल औषध विभागाच्या ताब्यात राहील. विभागाने नमुन्यादाखल काही पाकिटे नेली आहेत.

इमारतीत सीमाशुल्काचे जाणकार एकच होते, वरच्या मजल्यावरचे घड्याळकाका. पूर्वी कधीतरी परदेशातून येताना त्यांच्या मनगटावरचे घड्याळ तपासायला त्यांना थोडा वेळ थांबवले होते. त्या अनुभवावर ते आजतागायत व्याख्याने देत होते. पत्र वाचून ते म्हणाले, "घाबरायचं नाही. मधुमेहावर आहेत म्हणून सांगा. मधुमेहाला कुणी नाही म्हणत नाही. निम्म्या साहेबांना असतो."

"पण ते औषध नाहीच," मास्तर म्हणाले.

"ते त्यांना कशाला सांगायचं? मी घड्याळाच्या वेळी शेवटपर्यंत वेळ सांगितली नाही."

मास्तरांना हा मार्ग पटला नाही. त्यांनी सत्य सांगायचे ठरवले, आणि सत्य सांगायला त्यांना नेहमी थोडी जागा लागत असे. खुलाशाने कागद दोन्ही बाजूंनी भरला. त्यातले त्यांचे आवडते वाक्य त्यांनी वहिनींना मोठ्याने वाचून दाखवले: "'गोळी' हा शब्द केवळ औषधापुरता संकुचित करणे हा भाषेवर अन्याय आहे, बंदुकीतून सुटते तीही गोळीच होय."

वहिनी फ्रीजरची झाकणे पुसत होत्या. "त्यात बंदूक कशाला घालता?"

"उदाहरण समर्पक हवं."

उदाहरण फारच समर्पक ठरले. फाईल औषध विभागातून सुटली आणि शस्त्र विभागात गेली. तिथूनही नमुन्याची पाकिटे मागवली गेली, आणि एका सकाळी गणवेशातले दोघेजण दुकानात येऊन उभे राहिले. आरशामुळे ते चार दिसत होते. घड्याळकाका जिन्यावरून खाली येत होते, ते तसेच वर गेले.

"गोळ्या कुठे ठेवणार?" त्यांतल्या थोरल्याने विचारले.

"या फ्रीजरमध्ये," मास्तर म्हणाले.

"किती?"

"मावतील तेवढ्या."

"कुणासाठी?"

"येईल त्याच्यासाठी. आम्ही भेदभाव करत नाही."

थोरल्याने धाकट्याकडे पाहिले. धाकट्याने दाराकडे पाहिले. प्रकरण कुठे गेले असते कोण जाणे, पण वहिनींनी पाकिटावरचे रंगीत चित्र आणून दोघांच्या पुढ्यात धरले. त्यात कढई होती, झारा होता आणि एक हसणारा मासा होता. गणवेशांना चहा मिळाला. जाताना थोरला म्हणाला, "बाई, अर्ज तुम्ही का नाही लिहिलात?" वहिनींनी कपबशा उचलल्या. मास्तरांना मात्र ते वाक्य दिवसभर घशात काट्यासारखे टोचत राहिले. गणवेश येऊन गेले त्यावरून इमारतीत कुजबुज सुरू झाली की शांत माणसाचे काही सांगता येत नाही हो, ती व्याकरणाची माणसे आतून तापट असतात.

शेवटी मास्तर स्वतः सीमाशुल्काच्या कचेरीत गेले. लांब बोळ होता, दोन्ही बाजूंना कपाटे होती आणि कपाटांवर कपाटांत न मावलेले कागद होते. बोळाच्या टोकाला वर्गीकरणाचे साहेब बसत. किरकोळ अंगाचे गृहस्थ, खिशाला तीन पेने आणि पुढ्यात दरांचे जाडजूड पुस्तक. जगातली प्रत्येक वस्तू या पुस्तकात कुठल्यातरी शीर्षाखाली बसते, आणि शीर्ष ठरले की तिच्यावरचा कर ठरतो. एखादी वस्तू बसायला तयार नसली तर साहेब तिला बसवतात.

"औषध नाही, शस्त्र नाही, इथवर आलोय," साहेब म्हणाले. "आता मासळीकडे वळू. पुस्तक म्हणतं: 'मासळी, तयार केलेली; अख्खी अथवा तुकड्यांत, परंतु कुटलेली नव्हे.' तुमची गोळी अख्खी आहे का?"

"गोळी अख्खी आहे. मासा अख्खा नाही."

"म्हणजे माशाचा तुकडा."

"तुकडा कशाचा तरी असतो. गोळी स्वयंपूर्ण आहे."

"मग कुटलेली म्हणू."

"'कुटलेली' हे धातुसाधित विशेषण मासळीला लागतं. गोळीला कुणी कुटलेलं नाही. उलट कुटून झाल्यावर तिला वळलेलं आहे."

साहेबांनी हातातले पेन खाली ठेवले आणि चष्मा काढून पुसला. "इतक्या वर्षांत या टेबलापाशी धातुसाधितापर्यंत कुणी आलं नव्हतं," ते म्हणाले. "बसा. चहा घेणार?"

मास्तर बसले. निवृत्तीनंतर प्रथमच त्यांना कुणी असे ऐकून घेत होते. त्या वाक्यात 'परंतु' हवे की 'पण' चालेल यावर पहिला चहा झाला. तो 'परंतु' दोन्ही पर्यायांना लागू होतो की फक्त शेवटच्याला, यावर दुसरा. मग साहेबांनी हळूच सांगितले की आणखी एक मेख आहे. पदार्थात वजनाच्या एक पंचमांशाहून जास्त मासळी असेल तरच तो मासळी. नसेल तर ते पीठ.

"म्हणजे माशाचं पीठ?"

"नाही. पिठाचा मासा. प्रयोगशाळा ठरवील. त्यांना पहिला नमुना गेला होता, पण आणखी मागितलाय."

"पहिल्याचं काय झालं?"

"तपासणीत संपला," साहेब म्हणाले. "तपासणी कसून करतात."

मास्तर घरी परतले ते प्रसन्न चेहऱ्याने. मेहुणा येऊन बसलेला होता. वहिनींनी विचारले, "सुटलं का?"

"सुटलं. 'परंतु' शेवटच्या पदालाच लागू होतो."

"मी विचारतेय, गोळ्या सुटल्या का?"

वहिनींनी 'गोळ्या' म्हटले. इतक्या दिवसांत प्रथमच त्यांनी शुद्ध शब्द वापरला होता, आणि नेमक्या त्याच क्षणी मास्तरांच्या लक्षात आले की उद्घाटन चार दिवसांवर आले आहे. त्यांच्या पोटात गोळा आला. तो लहान नव्हता, त्यामुळे पुल्लिंगीच होता.

"भाऊजी, एक शब्द बदला की," मेहुणा म्हणाला. "गोळे करा आणि मोकळे व्हा. तुम्हाला माल सोडवायचाय की निबंध लिहायचाय?"

"चुकीचं लिहून माल सोडवू?"

"राहू दे रे," वहिनी भावाला म्हणाल्या. "कागद ते बघणार असं ठरलंय."

त्या रागावल्या असत्या तर बरे झाले असते. रागाला मास्तरांजवळ उत्तरे होती. त्या मात्र शांतपणे उठल्या आणि रिकाम्या फ्रीजरवर कापड घालून आल्या.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी अभिमान घरी ठेवला आणि साहेबांपुढे जाऊन उभे राहिले. "माझी चूक झाली," ते म्हणाले. हे वाक्य त्यांनी पूर्वी फक्त फळ्यावर, उदाहरण म्हणून लिहिले होते. "'गोळ्या'च्या जागी 'गोळे' करून द्या."

साहेबांचा चेहरा पडला. "मास्तर, तुम्ही असं म्हणता? वर्णन बदललं तर आधीचं खोटं ठरतं. ते खोटं होतं का?"

"नाही."

"वस्तू लिंबाहून लहान आहे ना?"

"आहे."

"मग गोळ्याच. मी या शब्दासाठी तीन विभागांशी भांडलोय. तो असा वाऱ्यावर सोडू?" साहेबांनी मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही खचू नका. मी आहे."

मास्तर बोळातून बाहेर आले. माणूस हरतो तेव्हा निदान समोरचा जिंकतो, असा त्यांचा समज होता. इथे त्यांचाच मुद्दा जिंकला होता आणि ते एकटेच हरले होते.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी एजंटाचा फोन आला. "होऊन जाईल," तो म्हणाला.

"कधी?" मास्तरांनी विचारले. एजंटाला हा प्रश्न अपेक्षित नसावा, कारण त्याने फोन ठेवला.

वहिनींनी पिशवी घेतली. त्या बाजारात गेल्या आणि दुपारी ताजे मासे घेऊन आल्या. साफ केले, काटे काढले. मग मास्तरांच्या पुढ्यात खलबत्ता आदळला आणि म्हणाल्या, "कुटा."

मास्तरांनी बाह्या सरसावल्या. थोडे कुटून त्यांनी विचारले, "किती बारीक?"

"अख्खं दिसायला नको. तुकडेही नकोत."

मास्तरांचा बत्ता हवेतच राहिला. साहेबांना हे सांगायला हवे असे त्यांना वाटून गेले, पण वहिनींनी त्यांच्याकडे पाहिले आणि बत्ता खाली आला. कुटता कुटता संध्याकाळ झाली. वहिनींचे हात उपाहारगृहाच्या मापाला सरावलेले; त्यांनी वळलेला एकेक नग चांगला लिंबाहून मोठा झाला.

"हे मात्र गोळेच हं," मास्तर हळूच म्हणाले.

"कुटा," वहिनी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी गाळ्याबाहेर कढई तापली आणि लोक जमले. मैत्रिणी आल्या, कारकून आले, मेहुणा पुढे होऊन बशा वाटू लागला, आणि घड्याळकाका गणवेश नाहीत याची खात्री करून खाली उतरले. पहिला घाणा निघाला तेव्हा गर्दीत बोलणे चालू होते. दुसरा निघाला तेव्हा ते थांबले होते. वहिनींनी मान वर करून एकदा सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिले आणि पुन्हा झारा हातात घेतला. दिलेला शब्द टिकला होता. बाहेरचा माल कुठे आहे, हे कुणी विचारलेसुद्धा नाही.

ते विचारायची गरजही पडली नाही, कारण इतक्यात वर्गीकरणाचे साहेब स्वतःच आले. बगलेत एक खोके होते आणि हातात आदेश. "असा आदेश टपालानं पाठवणं मला बरं वाटेना," ते म्हणाले. लोकांनी त्यांच्या हातात बशी दिली. त्यांनी एक गोळा खाल्ला. दुसरा खाल्ला. तिसरा समोर धरून त्यांनी तो सगळ्या बाजूंनी पाहिला आणि सवयीने विचारले, "हे कोणत्या शीर्षात बसतं, वहिनी?"

"पोटात," वहिनी म्हणाल्या.

साहेबांनी ते मान्य केले. मग रुमालाला हात पुसून त्यांनी आदेशाचा शेवट वाचून दाखवला: "सदर माल औषध नाही, शस्त्र नाही, पीठ नाही, अख्खा नाही आणि तुकडाही नाही, सबब त्याचे वर्गीकरण 'इतर' असे करण्यात येत आहे."

"आणि माल?" मेहुण्याने विचारले.

साहेबांनी बगलेतले खोके पुढे केले. सर्व विभागांचे नमुने जाऊन उरलेला माल त्यात आरामात मावला होता.

"एवढं सगळं करून 'इतर'?" मेहुणा म्हणाला.

"'इतर'ला हसू नका," साहेब गंभीरपणे म्हणाले. "ज्याचं कुठेच बस्तान बसत नाही, त्याच्यासाठी केलेली ती सोय आहे. त्याच्यावर अपील नसतं, पण त्यातून कुणी हाकलतही नाही."

रंगारी कोपऱ्यात तोंड भरून उभा होता. घास गिळून त्याने भिंतीला टेकलेल्या शिडीकडे बोट दाखवले. "मास्तर, आता तरी सांगा. 'व' की 'आणि'?"

मास्तरांनी घसा खाकरला. "माझा विचार असा झालाय की—"

"व," वहिनी म्हणाल्या.

रंगारी शिडीवर चढला. त्याने 'व' काढला. "पुढे?"

वहिनींनी मास्तरांकडे पाहिले. मास्तर लग्नकार्याला घालायच्या सदऱ्यात उभे होते, बोटांना कुटून कुटून फोड आले होते आणि कोपराला कालचा एक खवला अजून चिकटलेला होता. शिंप्याच्या आरशात ते आणखी एकदा तसेच उभे होते.

"इतर," वहिनी म्हणाल्या.

आधी मेहुणा हसला, मग सगळी गर्दी. साहेब हसले नाहीत. त्यांनी मास्तरांकडे पाहून एका समव्यावसायिकाच्या सहानुभूतीने मान हलवली. वहिनींनी कढईतून ताजे गोळे काढून बशी भरली आणि ती मास्तरांच्या हातात दिली. दुसऱ्या कुणाच्याही बशीपेक्षा तिच्यात जास्त होते.

मास्तरांनी एक गोळा तोंडात घातला आणि मान वर करून पाटी वाचली. रंगारी शेवटच्या 'र'ला शेपूट देत होता. मास्तरांनी घास गिळला, बशी फ्रीजरवर ठेवली आणि जाऊन शिडी धरली.

"इ ऱ्हस्व," ते म्हणाले.